चावी कोण देतं? हैदराबादचे तीन दिवस

बाबा नांदेडचे. त्यांच्या लहानपणी नांदेडात कुणी 'शहरात गेलाय' म्हटलं की ते शहर म्हणजे हैदराबाद. मुंबई-पुण्याची नावं नंतर आली. १९६४ साली शाळेच्या सहलीबरोबर ते सालारजंग म्युझियम बघून आले. तिथल्या घड्याळातून बाहेर येऊन टोले देणाऱ्या दाढीवाल्या बाहुल्याची गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली की माझं घड्याळांचं वेड तिथूनच सुरू झालं असणार. आज माझ्याकडे चावीची अकरा मनगटी घड्याळं आहेत. रोज सकाळी चहाच्या आधी त्यातल्या एकाला चावी द्यायची, हा माझा नेम. तो बाहुला मात्र मी कधी पाहिलाच नव्हता. ऑगस्टमध्ये जोडून सुट्टी मिळाली तेव्हा बाबांना विचारलं, "चलता का?" ते म्हणाले, "गुडघे चालतील तिथवर चलतो."

प्रवासाला घेतलं ते फावर-लुबाचं 'सी चीफ'. ही कंपनी मूळची स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्लची, १७३७ सालची. १८६५ मध्ये तिने मुंबईत बस्तान बसवलं, म्हणून आपल्याकडच्या आजोबा-पणजोबांच्या मनगटांवर ही घड्याळं भरपूर दिसायची. माझं पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेलं आहे. बिनकॅलेंडरचं, हातानं चावी द्यायचं, डायल किंचित पिवळी पडलेली. आधीचा मालक कोण, काही ठाऊक नाही.

शुक्रवार: सिकंदराबाद

पहाटेच्या गाडीनं निघून दुपारी सिकंदराबादला उतरलो. आधीच सांगून ठेवते, सालारजंग म्युझियम आणि चौमहल्ला पॅलेस ही दोन्ही ठिकाणं शुक्रवारी बंद असतात. म्हणून आम्ही हा दिवस मुद्दाम मनोऱ्यांसाठी ठेवला होता. मनोरे बघायला तिकीट लागत नाही आणि ते कधी बंद नसतात.

सिकंदराबादचा क्लॉक टॉवर स्टेशनपासून रिक्षानं जेमतेम दहा मिनिटांवर. १८९७ सालचा, सुमारे १२० फूट उंच. भोवती बाग, आणि बागेभोवती अखंड वाहनं. बाकावर बसून मान वर केली की आधी कबुतरं दिसतात आणि मग डायल. रोमन आकडे असलेलं जुनं घड्याळ दिसलं की माझी नजर आधी चारच्या आकड्यावर जाते. घड्याळाच्या डायलवर चार हा बहुतेक वेळा चार उभ्या रेघांनी काढतात, पुस्तकात लिहितात तसा पाचाच्या डावीकडे एक रेघ असा नाही. समोरच्या आठच्या जडपणाला त्यानं तोल मिळतो, असं घड्याळवाले सांगतात. खरं कारण काहीही असो, एकदा हे लक्षात आलं की प्रत्येक मनोऱ्याखाली मान वर होतेच.

बाबांनी लिंबू-सोड्याच्या गाडीवाल्याला विचारलं, "ह्या घड्याळाला चावी कोण देतं?" बाबांची हिंदी नांदेडची, म्हणजे अर्धी दखनी. गाडीवाला खुलला. "आता है कोई. परसोंच तो आया था."

मी लगेच हिशेब केला, परवा म्हणजे बुधवार. बाबा हसायला लागले. हैदराबादेत 'परसों' म्हणजे परवाच असं नाही. गेला आठवडा, गेली दिवाळी, लग्न झालं ते साल, सगळं 'परसों'. सेकंदांचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्यासारखीला हा शब्द पुढचे तीन दिवस पुरला.

तिथून चालत महात्मा गांधी रस्त्यानं, म्हणजे जुन्या जेम्स स्ट्रीटनं, रामगोपालपेठच्या जुन्या पोलीस ठाण्याच्या घड्याळापर्यंत गेलो. बाबा वाटेत दोनदा थांबले, दोन्ही वेळा इराणी चहासाठी. हा चहा आपल्या उकळ्या चहासारखा नसतो. चहाचं पाणी वेगळं, आटवलेलं दूध वेगळं, आणि कपात दोन्ही एकत्र. सोबत उस्मानिया बिस्किट, गोड आणि किंचित खारट. चहात बुडवून दोन सेकंदांत बाहेर काढायचं, तिसऱ्या सेकंदाला ते तळाशी जातं.

संध्याकाळ लवकर झाल्यासारखी वाटली. ढगाळ होतं, पण ते एकच कारण नव्हतं. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. पुण्याचा सूर्य तिच्या साधारण ३५ मिनिटं मागे चालतो, हैदराबादचा फक्त १६ मिनिटं. म्हणजे मनगटावरचे काटे तेच ठेवून आम्ही सूर्याच्या हिशेबानं १९ मिनिटं पुढे आलो होतो. प्रत्येक गाव आपापल्या सूर्यावर घड्याळ लावायचं तेव्हा पुण्याहून आलेल्या माणसाला इथे पोचल्यावर काटे फिरवावे लागले असते. हे मी बाबांना रस्त्यावर उभं राहून समजावलं. ते म्हणाले, "म्हणूनच भूक लागली."

बिर्याणीबद्दल एवढंच सांगते की सोबतच्या मिरची-का-सालनचा रस्सा मी दोनदा मागून घेतला.

शनिवार: बाहुला आणि पाऊस

मेट्रोनं एमजीबीएस स्टेशनला उतरलो आणि तिथून रिक्षा केली. म्युझियम मुसी नदीच्या काठी आहे. दारातच बाबा थबकले. "ही जागा नव्हे." मी म्हटलं, बाबा, साठ वर्षं झाली, आजूबाजूचं सगळं बदललं असेल. ते हट्टानं म्हणाले, "आजूबाजूचं राहू दे, ही इमारतच नव्हे. वाडा होता तो. चौकात कारंजं होतं."

बरोबर तेच होते. १९५१ मध्ये म्युझियम सुरू झालं ते सालारजंगांच्या स्वतःच्या वाड्यात, दिवाण देवडीत. आत्ताच्या इमारतीत ते १९६८ साली आलं. बाबांनी पाहिलेली जागा खरोखरच दुसरी होती. पहारेकऱ्यानं हे सांगितल्यावर बाबांचा चेहरा उजळला. आपली आठवण शाबूत आहे, हे या वयात कुणीतरी सांगायला लागतं.

इथला जवळजवळ सगळा संग्रह तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान यांनी जमवलेला आहे. घड्याळांचं दालन वेगळं आहे आणि माझे तिथे दोन तास गेले. मनोऱ्यासारखी उभी घड्याळं, टेबलावरची, भिंग लावून बघावीत इतकी इवली, फ्रान्स-इंग्लंड-जर्मनी-स्वित्झर्लंडकडून आलेली. मी सगळ्यात जास्त रेंगाळले ते सांगाडा-घड्याळांपाशी. यांना कवच नसतं, फक्त काचेचं झाकण. त्यामुळे 'टक' नेमकी कुठून येते ते दिसतं. स्प्रिंग सगळी ताकद एकदम सोडायला बघत असते. जहाजाच्या नांगरासारखा एक तुकडा चाकाचा दात अडवतो, सोडतो, पुढचा अडवतो. ज्याला आपण घड्याळ चालण्याचा आवाज म्हणतो तो खरं तर दर वेळी थांबण्याचा आवाज असतो. हे पुस्तकात कितीदा वाचलं होतं, पण हाताएवढ्या चाकावर ते घडताना पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला.

बाराला दहा मिनिटं असताना बाबा ओढायलाच लागले, "चल, जागा जाईल." आणि खरंच, संगीत-घड्याळासमोरच्या खुर्च्या भरत आल्या होत्या. हे घड्याळ कलकत्त्याच्या कुक अँड केल्वी या पेढीचं. त्यात एक छोटा लोहार बसलाय, तो दर सेकंदाला हातोडा मारतो. टोले पडायला तीन मिनिटं उरली की दार उघडून दाढीवाला बाहुला बाहेर येतो आणि घंटेपाशी उभा राहतो. वेळ झाली की टोले देतो आणि आत जातो. घडतं ते एवढंच.

पण ती तीन मिनिटं! दोनशे-अडीचशे माणसं, शाळेची पोरं, बुरख्यातल्या बायका, आंध्राकडून आलेलं एक अख्खं वऱ्हाड, सगळी गप्प. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल होता आणि त्यात अचूक वेळ होती, तरीही सगळे बारा वाजायची वाट बघत होते. पहिला टोला पडला तसा पोरांनी मोजायला सुरुवात केली. आधी तेलुगूत, मग कुणी हिंदीत, कुणी इंग्रजीत. बाबा मराठीत मोजत होते, मोठ्यानं. बाराव्या टोल्याला टाळ्या पडल्या. बाबा काही बोलले नाहीत, नुसता माझा हात घट्ट धरून बसून राहिले.

जाणार असाल तर दुपारी बाराचीच वेळ गाठा, टोले सगळ्यात जास्त तेव्हाच. पंधरा मिनिटं आधी जागा धरा. आणि निदान ती तीन मिनिटं फोन खाली ठेवा. पडद्यावरून बघताना लोहाराचा हातोडा हमखास नजरेतून सुटतो.

दुपारी चारमिनार. इमारत १५९१ सालची, घड्याळं मात्र १८८९ मध्ये बसवलेली. चारही बाजूंना कमानीच्या वर एकेक. म्हणजे बांधून झाल्यावर तीनशे वर्षांनी चारमिनारला मनगटी घड्याळ मिळालं असंच म्हणा ना. बाबा खाली निमराह कॅफेत बसले आणि मी वर गेले. जिना अरुंद आणि पायऱ्या उंच, गुडघ्यांची तक्रार असेल तर खालूनच बघा. घड्याळं तशीही खालूनच छान दिसतात.

खाली आले आणि पाऊस कोसळला. आडोशाला पोचेपर्यंत पाच मिनिटं गेली असतील. हॉटेलवर घड्याळ बघितलं तर काचेच्या आतून धुकं. सहाच्या आकड्यापाशी एक थेंब जमून बसला होता. साठ वर्षांच्या घड्याळावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी त्या शब्दावर विसंबू नये, हे मी स्वतः दहा जणांना सांगितलेलं आहे. रात्रभर झोप लागली नाही. आत पाणी राहिलं तर आधी गंजतात ते चावीजवळचे बारीक पोलादी भाग, आणि त्यांचे सुटे भाग सहजासहजी मिळत नाहीत. घरी असते तर लगेच उघडलं असतं, पण हत्यारं पुण्यात होती. तुमच्यावर अशी वेळ आली तर क्राउन, म्हणजे चावी द्यायची बाजूची गुंडी, बाहेर ओढून ठेवा, हेअर-ड्रायर अजिबात लावू नका, आणि मिळेल त्या पहिल्या जाणत्या घड्याळजीकडे जा.

रविवार: खिलवत आणि पत्थरगट्टी

सकाळी चौमहल्ल्याला गेलो, कारण घड्याळजींची दुकानं अकराच्या आधी उघडत नाहीत, असं कळलं. दरबार हॉलमधली १९ झुंबरं, पिवळी रोल्स-रॉइस, सगळं पाहिलं, पण मन मनगटावर होतं. तिथे घड्याळ नव्हतं, नुसता पांढरा पट्टा.

महालाच्या दरवाजावरचं खिलवत घड्याळ बघायला मात्र थांबलो. हे शतकांपासून चालत आलेलं यंत्र. एक घड्याळजींचं घराणं दर आठवड्याला येऊन त्याला चावी देतं. 'चावी कोण देतं' या प्रश्नाला आम्हांला मिळालेलं हे पहिलं नीट उत्तर. एवढ्या अवधीत राज्य गेलं, नाणी बदलली, सरकारं बदलली. पण दर आठवड्याला कुणीतरी जिना चढून किल्ली फिरवत राहिलं. त्या माणसाला भेटायची फार इच्छा होती, पण आमचा वार त्याचा नव्हता.

पुढे लाड बाजारातून महबूब चौकाचा क्लॉक टॉवर पाहिला. निजामाचे दिवाण आसमान जाह यांनी १८९२ मध्ये बांधलेला, पायथ्याशी छोटी बाग. शहरातल्या सगळ्या मनोऱ्यांचं नशीब सारखं नाही. एका मनोऱ्याच्या चार डायलवर आम्हांला चार वेगळ्या वेळा दिसल्या. बाबा म्हणाले, "चार भाऊ वेगळे निघालेत." मला वाईट वाटलं. यंत्र बिघडतं ते वयानं कमी आणि दुर्लक्षानं जास्त.

मग पत्थरगट्टी. दगडी कमानींच्या रांगेत, दोन कापडाच्या दुकानांच्या मध्ये, टेबलाएवढ्या जागेत एक चाचा बसले होते. पांढरी टोपी, कपाळावर सरकवलेलं भिंग. मी घड्याळ पुढे केलं. त्यांनी आधी कानाला लावलं, मग काचेकडे पाहिलं. "कैकु भिगाए जी इसको?"

बाबांनी उत्तर दिलं, "बारिश पूछ के नहीं आती, मियाँ." तिथून त्या दोघांचं जे जमलं ते जमलंच.

चाचांनी पातळ सुरीनं मागचं झाकण उघडलं. आतली गास्केट, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, चिकट काळा धागा झाली होती, ती चिमट्यानं ओढून टाकली. चावीची दांडी सोडवली, यंत्र बाहेर काढलं आणि एका पालथ्या काचेच्या वाटीखाली झाकून ठेवलं, धूळ बसू नये म्हणून. काच वेगळी केली, मऊ कापडानं पुसली, रबरी फुग्यानं वारा मारला. मग यंत्र दिव्याच्या पिवळ्या बल्बखाली धरलं, पण लांब, तळहाताला ऊब लागेल एवढ्याच अंतरावर. "गर्मी जास्ती नक्को. तेल सूख जाता." भिंग डोळ्यावर ओढून चावीजवळचा भाग बघितला, बराच वेळ. मी श्वास रोखून उभी.

"हौ. बच गई."

झाकण परत लावण्याआधी त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि भिंगही दिलं. "देखो, अंदर क्या लिखा है."

झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं कोरलेल्या बारीक खुणा होत्या. मी हे घड्याळ दोनदा स्वतः उघडलंय, पण दोन्ही वेळा डोळे यंत्रावर होते. झाकण बाजूला ठेवून दिलं होतं. एक खूण '५-७१'. दुसरी एक अक्षर आणि '७८'. तिसरी नुसता त्रिकोण. आणि चौथी उजवीकडून वाचायच्या लिपीत, एक आडवी रेघ आणि तिच्याखाली उर्दू आकडे. चाचांनी वाचून दाखवले, ८४.

घड्याळजी दुरुस्ती केली की आत आपली खूण करून ठेवतो. गिऱ्हाईक परत आलं तर आपलं काम आपल्याला ओळखू यावं म्हणून. चाचांच्या उस्तादांनी त्यांना हे पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. "उस्ताद कधी वारले?" बाबांनी विचारलं. "परसोंच." दुकान उस्तादांकडून त्यांच्याकडे आलं ते बाबरीच्याही आधी, हे पुढच्या बोलण्यात कळलं.

मी विचारलं, ही चौथी खूण हैदराबादची असेल का? चाचांनी मान हलवली. उर्दू लिहिणारे घड्याळजी मुंबईतही, औरंगाबादेतही, भोपाळातही. उगीच गोड वाटावं म्हणून हो म्हणाले नाहीत, याचंच मला बरं वाटलं. पण चार माणसं, निदान चार, या घड्याळावर ओणवी होऊन बसली होती. जुन्या बाजारात मी घेतलं तेव्हा ते बेवारशी वाटलं होतं. ते बेवारशी कधीच नव्हतं.

मग चाचांनी सुई घेतली. "इजाजत है?" मी हो म्हटलं. त्यांनी ८४ च्या शेजारी आपल्या आकड्यांत तारीख कोरली. एक शून्य, म्हणजे त्यांच्या लिपीतला ठिपका, काढायला सगळ्यात जास्त वेळ घेतला. नवी गास्केट बसवली, झाकण अंगठ्यानं दाबलं. टक्. तीनशे रुपये.

त्यांच्याकडे विकायलाही काही घड्याळं होती, पण मी घेतली नाहीत. जुन्या शहरात घड्याळ घ्यायचं असेल तर काही गोष्टी सांभाळा. डायल झगझगीत कोरी दिसली तर ती बहुधा पुन्हा रंगवलेली असते. अक्षरांच्या कडा भिंगातून बघा, रंग फुटलेला दिसतो. एचएमटी 'जनता' गुलाबी किंवा पोपटी डायलची मिळाली तर ती कारखान्यातून तशी आलेली नाही असं धरून चाला. मागचं झाकण उघडून दाखवायला जो विक्रेता कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊ नका. आणि गुरुवारी शहरात असाल तर जुमेरात बाजार फिरा, पण तिथे आनंदासाठी जा, गुंतवणुकीसाठी नको.

संध्याकाळी मोअज्जमजाही मार्केट. १९३५ ची ग्रॅनाइटची इमारत, मध्यावर घड्याळाचा मनोरा आणि खाली हातानं घोटलेल्या फळांच्या आइस्क्रीमची दुकानं. बाबांनी सीताफळ मागितलं, हंगाम नव्हता. आंब्यावर समाधान मानलं.

सोमवार

गाडी दुपारची होती. बाबांनी सकाळी स्वतःहून रिक्षा थांबवून परत सिकंदराबादच्या टॉवरपाशी नेलं. लिंबू-सोडेवाल्यानं ओळखलं. "परसों आए थे ना?" या वेळी हिशेब जवळपास बरोबर होता.

चाचांनी निघताना एक सांगितलं होतं. घड्याळ त्यांनी मुद्दाम किंचित पुढे जाईल असं लावलंय. "आगे जाने दो. पीछे रहना नक्को." पुढे गेलेलं घड्याळ सकाळी एक क्षण थांबवून वेळेवर आणता येतं, मागे पडणारं मात्र गाडी चुकवतं. रात्री अकरा वाजून गेल्यावर पुण्याच्या फलाटावर उतरलो. बाबा बॅगेवर बसले, मी फोन काढून काटे ताडून बघितले.

आठ सेकंद. पुढे.